जुन्या पेपरातल्या निधनवार्तांवरून गावाकडच्या घराण्याचा माग कसा काढायचा

गावाकडच्या कुठल्याही घरात वंशावळ विचारा, पणजोबांपर्यंत नावं पटापट येतात आणि तिथंच अडतं. त्यातही सगळी पुरुषांचीच नावं, पणजी कुठल्या गावची होती असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, पण शेतकरी, बलुतेदार, मेंढपाळ, मजूर अशा घरांसाठी असं पुस्तक सहसा कुणी काढलेलं नसतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे घराघरात वंशावळ काढणं सुरू झालं, तहसीलच्या रेकॉर्ड रूमसमोर रांगा लागल्या, लोक सातबारा काढतात, कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी बघतात, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या उघडून घेतात, सांगली-कोल्हापूरकडं दारात वंशावळी सांगत फिरणारा हेळवी आला की त्याच्याकडून पिढ्या ऐकतात. हे सगळं करावंच. पण जुन्या मराठी पेपरातल्या निधनवार्ता मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि मला वाटतं गावाकडच्या माणसासाठी तिथं खूप काही सापडण्यासारखं आहे.

कारण मृत्यूची सरकारी नोंद फक्त मेलेल्या माणसाबद्दल बोलते. नाव, तारीख, गाव, फार तर कारण. निधनवार्तेत मेलेल्यापेक्षा जिवंत माणसंच जास्त असतात, मुलगे, मुली, सुना, जावई, पुतणे, भाचे, आणि कोण कुठल्या गावी काय करतो हेही त्यात येतं. म्हणून मयताची एक ओळ वाचून पान उलटायचं नाही, मागे कोण राहिलं ते वाचायचं. नाती तिथं असतात.

आधी हे सगळं किती मागे जातं ते बघू. एकोणिसाव्या शतकातल्या पेपरात, म्हणजे १८८१ ला सुरू झालेल्या केसरीसारख्या पेपरात, मृत्यूची बातमी यायची ती संस्थानिक, वकील, सुधारक, इनामदार अशांची. खेड्यातला साधा शेतकरी गेला तर पुण्या-मुंबईच्या पेपरात त्याची ओळ येण्याचं काही कारणच नव्हतं. सकाळ १९३२ ला निघाला, लोकसत्ता १९४८ ला, कोल्हापूरला पुढारी, नाशिकला गावकरी, बेळगावला तरुण भारत असे जिल्ह्याजिल्ह्याचे पेपर उभे राहिले, पुढं साखर कारखाने आले, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि गावोगावी पेपरांचे वार्ताहर तयार झाले, बऱ्याचदा शाळेतले गुरुजीच. तेव्हापासून सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पैलवान, भजनी मंडळातले बुवा, निवृत्त शिक्षक, मोठ्या घरातल्या म्हाताऱ्या यांच्या दोन-चार ओळी छापून यायला लागल्या. म्हणजे खेड्यातल्या माणसासाठी खरा साठा १९५५-६० नंतरचाच. हे वाचून हिरमुसू नका. १९६२ साली पंचाहत्तरीत गेलेला माणूस जन्मलेला असतो १८८७ च्या आसपास, आणि आपल्याकडं नावातच बापाचं नाव असतं, त्यामुळं त्या एका ओळीतून तुम्ही १८६० च्या आगेमागे जन्मलेल्या माणसापर्यंत पोचता.

आता दोन प्रकार नीट वेगळे धरा. एक वार्ताहरानं पाठवलेली बातमी, फुकट, तीन-चार ओळींची, आतल्या जिल्ह्याच्या पानावर, 'निधनवार्ता' किंवा 'निधन' अशा मथळ्याखाली. दुसरी पैसे भरून दिलेली जाहिरात, चौकटीतली, फोटो असलेली, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'प्रथम पुण्यस्मरण' वगैरे, खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची यादी. बातमीत घराबाहेरचे संबंध जास्त कळतात, जाहिरातीत घरातल्या नावांची रांग मिळते. एखाद्याची निधनाची बातमी सापडली नाही तर साधारण एक वर्ष पुढं जाऊन पुण्यस्मरण शोधा, बऱ्याच वेळा तिथं मिळतं, कारण मृत्यूच्या दिवशी धावपळीत कुणाला सुचलेलं नसतं आणि वर्षश्राद्धाला मात्र सगळे भाऊ मिळून जाहिरात देतात.

बातमी वाचायची कशी ते दाखवतो. ही मी रचलेली आहे, पण छापा अगदी तोच:

"अमुकवाडी, ता. ८ : येथील प्रगतशील शेतकरी व माजी सरपंच गणपती रामा अमुक ऊर्फ आबा (वय ७२) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, दोन भाऊ, तीन मुलगे, दोन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. साखर कारखान्यातील कर्मचारी बाबूराव यांचे ते वडील, तर तमुकगावच्या पोलीस पाटलांचे ते सासरे होत. रक्षाविसर्जन उद्या (ता. १०) सकाळी आठ वाजता आहे."

पहिली गोष्ट तारीख. सुरुवातीला जे 'ता. ८' आहे ती वार्ताहरानं बातमी लिहिल्याची तारीख, मृत्यूची नाही. 'उद्या, ता. १०' म्हटलंय म्हणजे हा अंक ९ तारखेचा. रक्षाविसर्जन किंवा सावडणं साधारण तिसऱ्या दिवशी असतं आणि मृत्यूचा दिवस पहिला धरतात, म्हणजे आठ, नऊ, दहा, मृत्यू ८ तारखेचा. हल्ली काही गावांत दुसऱ्याच दिवशी उरकतात, त्यामुळं अलीकडच्या बातमीत एक दिवस इकडंतिकडं धरा. दशक्रिया दिली असेल तर त्या तारखेतून ९ वजा करायचे, तेरावा दिला असेल तर १२. दशक्रिया २० तारखेला तर मृत्यू ११ चा. आणि जुन्या काळात आडगावचा वार्ताहर बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा किंवा पोस्टानं धाडायचा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडीच बंद, त्यामुळं बातमी आठवड्यानंतर छापून आलेलीही असते. घरच्यांनी सांगितलेल्या तारखेचा अंक बघून नाही मिळाली म्हणून सोडू नका, पुढचे पंधरा दिवस तरी चाळा.

दुसरी गोष्ट वय. हे वय कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं असतं. खेड्यात जन्म लक्षात राहायचा तो प्लेगच्या साथीवरून, दुष्काळावरून, मोठ्या पुरावरून. म्हणून ७२ म्हणजे ६७ ते ७७ धरा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला ताडून बघा, पण तिथंही एक लक्षात ठेवा, गावाकडच्या जुन्या लोकांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि गुरुजींनी नाव घालताना हिशेबात बसेल अशी तारीख टाकली. १ जून दिसला की वर्षसुद्धा ढोबळच समजा.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'तमुकगावच्या पोलीस पाटलांचे ते सासरे होत' हे वाक्य. मुलींची नावं दिलेली नाहीत, नुसतं 'दोन विवाहित मुली', पण एक मुलगी तमुकगावला दिली हे पक्कं कळलं. आता तमुकगावच्या बातम्या चाळायच्या. त्या पोलीस पाटलांचं निधन, त्यांच्या बायकोचं निधन, तिथं तुमच्या घरातली माणसं मेहुणे म्हणून, भाऊ म्हणून परत भेटतात. असं दोन-तीन गावांत फिरलं की ध्यानात येतं की पिढ्यानपिढ्या सोयरिकी ठराविक गावांतच होत होत्या, आत्याच्या घरी भाची गेलेली, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं, आणि पणजी बहुतेक त्याच पट्ट्यातली असणार. मग शोध सगळ्या जिल्ह्यात न करता चार-पाच गावांत करायचा.

बायकांचा शोध वेगळ्या वाटेनं घ्यावा लागतो आणि त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिथंच वंशावळी तुटतात. लग्नात नाव बदललेलं, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, म्हणजे माहेरचा धागा नावातून गेला. बाईच्या स्वतःच्या निधनवार्तेत बहुतेक वेळा 'अमक्यांच्या त्या मातोश्री होत' एवढंच येतं. पण तिचा भाऊ जरा नावाजलेला असला तर 'तमक्यांच्या त्या भगिनी होत' येतं आणि माहेर सापडतं. नाहीतर उलटा शोध घ्यायचा, तिच्या भावांच्या, वडिलांच्या निधनवार्ता बघायच्या, तिथं तुमचे पणजोबा 'मेहुणे' किंवा 'जावई' म्हणून सापडू शकतात. नावाआधीची अक्षरंही सोडू नका. 'सौ.' असेल तर ती गेली तेव्हा नवरा जिवंत होता, 'गं. भा.' किंवा 'श्रीमती' असेल तर आधीच गेलेला होता, म्हणजे नवऱ्याची निधनवार्ता त्याच्या मागच्या वर्षांत शोधायची. आता असं लिहिणं बऱ्याच जणांना पटत नाही आणि ते बरोबरही आहे, पण जुन्या मजकुरात ते छापलंय आणि शोधाला उपयोगी आहे.

माहेर शोधायचा दुसरा रस्ता तलाठ्याकडं जातो. जमीनधारक वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असा १९६६ च्या जमीन महसूल संहितेत नियम आहे, त्यावरून वारस नोंद होते आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं लावतात ती गोष्ट वेगळी. पण निधनवार्तेवरून महिना-वर्ष कळलं की फेरफाराचं जाडजूड रजिस्टर कुठून उघडायचं ते कळतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारसांत लागायला लागली, तिथं त्या सासरच्या पूर्ण नावानं येतात, आणि पुढं त्यांनी भावांना हक्कसोड पत्र करून दिलं असेल तर त्याचाही फेरफार असतो, त्यात मुक्कामाचं गाव असतं. पेपरात 'दोन विवाहित मुली' आणि फेरफारात दोन बहिणींची पूर्ण नावं, ही दोन कागदं शेजारी ठेवली की काम झालं. जुने फेरफार स्कॅन केलेले आहेत, 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर बऱ्याच जिल्ह्यांचे मिळतात. आणि मृत्यूची मूळ नोंद हवी असेल तर जुन्या काळासाठी गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते, आणि १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यानंतरच्या काळासाठी ग्रामपंचायत. जुनी कोतवाल बुकं मोडी लिपीत असतात, ती वाचणारा माणूस गाठावा लागतो.

तिथीचं गणित मुद्दाम सांगतो कारण तिथं भले भले चुकतात. पुण्यस्मरणाची जाहिरात बऱ्याचदा तिथीनं असते, 'श्रावण वद्य ४, शके १८८५' अशी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे इथं १९६३. पण हे चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारण बरोबर येतं, पौष, माघ, फाल्गुन यांतला दिवस बहुतेक १ जानेवारीनंतर येतो, तेव्हा ७९ मिळवायचे. पक्की तारीख त्या वर्षीच्या पंचांगात बघायची, जुनी पंचांगं मोठ्या वाचनालयांत असतात. आणि पुण्यस्मरण तिथीनं असेल तर जाहिरात ज्या तारखेला छापली ती मृत्यूची तारीख नव्हे, पहिल्याच वर्षी दहा-अकरा दिवसांचा फरक पडतो, अधिक महिना मध्ये आला असेल तर अठरा-एकोणीस दिवसांचा.

घरात कुणालाच वर्ष सांगता येत नसलं तरी आजीला एवढं विचारा, पितृपंधरवड्यात त्यांचा म्हाळ कुठल्या तिथीला घालतात. म्हाळ मृत्यूच्या तिथीला घालतात, म्हणून महिना नाही कळला तरी तिथी कळते, आणि चार संशयित बातम्यांमधून आपली कुठली हे ठरवायला तेवढं पुरतं. पण काही ठिकाणी हे चालत नाही. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, तिची तिथी काहीही असो, आणि बऱ्याच घरांत सगळ्यांचं मिळून सर्वपित्रीला उरकतात.

गावं आणि जिल्हे हा पुढचा गुंता. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यामुळं तालुका बघितल्याशिवाय आनंद करू नका. जिल्ह्यांची नावं आणि हद्दी बदलल्यात. १९६० च्या आधीच्या अंकात सांगली नाही, दक्षिण सातारा आहे. जळगावला पूर्व खानदेश आणि धुळ्याला पश्चिम खानदेश म्हणायचे, रायगड हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी औरंगाबादमधून निघाला, लातूर १९८२ ला उस्मानाबादमधून, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून. जालन्याच्या आजोबांची १९७० ची बातमी औरंगाबादच्या बातम्यांत शोधायची. आणि काही गावं तर राहिलीच नाहीत, कोयनेच्या शिवसागरात, उजनीत, जायकवाडीत गेली. कोयनेची माणसं उठून ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडं वसली, त्यांच्या नंतरच्या निधनवार्तेत नवं गाव असतं आणि नशीब असेल तर 'मूळचे अमक्या गावचे' हे तीन शब्द असतात. धरणग्रस्तांच्या घराण्यात माग काढणाऱ्याला या तीन शब्दांची किंमत विचारा.

मुंबईचे पेपर विसरू नका. सातारा, कोल्हापूर, कोकण इथल्या घराघरातला एकजण तरी गिरणीत होता, लालबाग-परळला राहायचा, आणि तो गेल्यावर बातमी गावच्या नाही तर मुंबईच्या पेपरात आली असेल. नवाकाळ १९२३ पासून आहे, तिथपासून बघा. गोव्यातल्या मराठी घरांसाठी १९६२ ला सुरू झालेला गोमन्तक.

नावांच्या बाबतीत सावध राहायचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळं एकाच घरात रामा गणपती आणि गणपती रामा आलटून पालटून येतात आणि दोन पिढ्या एक समजल्या जातात, तिथं वय आणि बायकोचं नाव हाच आधार. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चौगुले ही मुळात कामावरून पडलेली आडनावं, एका घराण्याच्या एका शाखेनं पाटील लावलं आणि दुसऱ्या शाखेनं मूळ आडनाव ठेवलं असं सर्रास आहे. दत्तक गेलेल्याचं मधलं नावच बदलतं, सख्खे भाऊ असून दोघांचे बाप वेगळे दिसतात. बातमीतला 'भाऊ' चुलतही असू शकतो. आधी वारलेली मुलं यादीत नसतात, आधी वारलेली पहिली बायको नसते. आणि वर मुद्राराक्षस आहेच, हातानं खिळे जुळवायचे दिवस, वार्ताहराचं अक्षर लागलं नाही की मारुतीचा मारुतराव आणि कधी दुसराच कुणी. एका बातमीवर नातं पक्कं करू नका, दुसऱ्या कागदानं पाठिंबा दिला तरच वंशावळीत शाईनं लिहा, तोवर पेन्सिलीनं.

हे अंक बघायला कुठं मिळतात? ई-पेपर बघून उपयोग नाही, ते अलीकडच्या वर्षांचेच. जुन्या फायली वाचनालयांत आहेत. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय तर १८३२ चं. मुंबईत टाऊन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे, १९५४ च्या कायद्यानं पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांना द्यावी लागते, १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली, आणि त्या ग्रंथालयांत हे एक आहे. कुठं कुठल्या पेपरच्या कुठल्या वर्षाच्या फायली आहेत हे जायच्या आधी फोन करून विचारा, शहरातल्या वाचनालयात पुणे आवृत्ती ठेवलेली असते आणि तुमची बातमी सातारा आवृत्तीच्या पानावर आलेली असते, हे फार होतं. पेपरच्या जिल्हा कार्यालयात, तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाच्या घरी, ज्ञातीच्या मासिकांच्या गठ्ठ्यात, मुंबईतल्या गावमंडळांच्या स्मरणिकांतही असं साहित्य पडून असतं. कागद पापडासारखा मोडतो, म्हणून पान दोन्ही हातांनी उलटा, झेरॉक्ससाठी फाईल दाबू नका, परवानगी घेऊन मोबाईलवर फोटो काढा, आणि प्रत्येक बातमीच्या फोटोबरोबर पानाच्या वरच्या पट्टीचा एक फोटो, पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान नंबर दिसेल असा. घरी आल्यावर हे आठवत नाही.

कुठं स्कॅन केलेले अंक मिळालेच आणि त्यात सर्च असेल तर जुन्या शुद्धलेखनानं शोधा. तेव्हा 'गांव', 'नांव' असे अनुस्वार द्यायचे, 'गाव' टाकून अर्धं निसटतं. खिळ्यांची पुसट छपाई मशिनला नीट वाचताही येत नाही, त्यामुळं सर्चला नाही आलं म्हणजे अंकात नाही असं नसतं, डोळ्यांनी चाळणं चुकत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या बातम्यांत सगळं गाव नाही. ज्याच्या दारात वार्ताहर चहाला जायचा त्याची बातमी आली. भूमिहीन मजूर, दलित वस्तीतली माणसं, आदिवासी पाडे, भटक्या जमाती, लहान मुलं, तरुण बायका यांच्या मृत्यूला तिथं फार कमी जागा मिळाली. बौद्ध घरांच्या बाबतीत नंतरच्या काळात जलदान विधी, पुण्यानुमोदन अशा कार्यक्रमांच्या जाहिराती आणि पत्रिका सापडतात, त्या जरूर बघा. बाकीच्यांसाठी शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, रेशनकार्डाची जुनी नोंद, कारखान्याचं किंवा गिरणीचं सेवापुस्तक यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वेळीच विचारावं लागतं. पेपरात नाव नाही म्हणजे तो माणूस मोठा नव्हता असा अर्थ कुणी काढू नये.

जिवंत माणसांचंही भान ठेवा. वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतली निम्मी नावं आज हयात आहेत, त्यांची नाती, गावं, पत्ते त्यांना न विचारता फॅमिली ग्रुपच्या बाहेर टाकू नका. कुठल्या घरात दुसरं लग्न, कुठं दत्तकाचा वाद, कुठं जमिनीची केस चालू असते.

सुरुवात घरातूनच करा. ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या कपाटात, गाथेच्या पानांत कात्रण दडलेलं असतं, आजोबांच्या पुण्यस्मरणाचं, लॅमिनेशन केलेलं. त्यातली 'शोकाकुल' खालची नावं एकेक करून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचून दाखवा, कोण कुणाचं ते वहीत लिहून घ्या, आणि ज्या नावावर ते म्हणतील 'हे कोण, आठवत नाही बघ', त्या नावाखाली रेघ मारा आणि पुढच्या वेळी वाचनालयात आधी त्या माणसाच्या गावच्या बातम्या काढा.